कातळावरचे झुडूप बागेत : बियांच्या प्रश्नाचा आढावा

वसई-विरार पट्ट्यात बी कसे पेरावे हे कुणाला शिकवायला नको. इथल्या वाड्यांमधला सोनचाफा, मोगरा, कागडा दादरच्या फूलबाजारात जातो. केळी आणि पानवेल यांची लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र वाडीचे सारे शहाणपण सपाट, खोल आणि विहिरीच्या पाण्यावर पोसलेल्या जमिनीवर उभे आहे. महामार्ग ओलांडून तुंगारेश्वरच्या चढाला लागले की ते पुरेनासे होते. तिथे मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात या खडकावरून पाणी वाहत असते आणि मे महिन्यात त्याच खडकावर पाय ठेववत नाही. तरीही त्याच्या भेगांत, पायथ्याच्या घळींत आणि कातळाच्या उथळ खळग्यांत झाडे उगवतात, फुलतात, बी टाकतात.

ही झाडे घराजवळच्या दगडी बागेत बियांपासून वाढवता येतील का, असा प्रश्न हौशी बागवाले विचारतात. अभ्यासक त्याला उलटा प्रश्न करतात: वाढवावीत का? दोन्ही प्रश्नांवर बरेच काम झाले आहे, पण ते विखुरलेले आहे. त्यातले काय हाती लागले आणि काय अजून लागायचे आहे, हे एका जागी मांडण्याचा हा प्रयत्न.

थंडीची झाडे, कोरडीची झाडे

दगडी बागेचा छंद युरोपात अडीचशे वर्षे जुना आहे. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ साली जी दगडी बाग रचली गेली, तिच्यात जोसेफ बँक्सने आइसलँडहून आणलेला लाव्हाचा काळा दगड आहे. तो बेसॉल्टच, सह्याद्रीचा दगडही त्याच जातकुळीचा. पुढे रेजिनाल्ड फॅरर या इंग्रज वनस्पतिवेड्याने १९०७ आणि १९१९ साली लिहिलेल्या पुस्तकांनी या छंदाला दिशा दिली. दगडांची आरास करून मध्ये फुले खोचायची नाहीत. डोंगरावर झाड ज्या परिस्थितीत जगते ती परिस्थिती बागेत उभी करायची, असा त्याचा आग्रह होता. त्याने बिया बंदुकीत भरून कड्यावर झाडल्या होत्या, असेही सांगतात. १९२९ साली तिकडे अल्पाइन गार्डन सोसायटी निघाली. सभासदांनी आपापल्या बागेतले बी गोळा करून एकमेकांना वाटायचे, ही तिची पद्धत आजही चालू आहे.

त्यांची झाडे वृक्षरेषेच्या वरची: डॅफ्ने, ड्रायस, कॅसिओपी, वीतभर उंचीचे ऱ्होडोडेंड्रॉन. या झुडपांचे बी हिवाळ्याच्या तोंडाशी पिकते. लगेच उगवले तर बर्फात मरेल, म्हणून बऱ्याच जातींच्या बियांना आधी काही आठवडे ओलसर थंडी लागते. त्याशिवाय अंकुर फुटत नाही. तिकडचे बागवाले बियांचा ट्रे हिवाळाभर उघड्यावर ठेवतात, नाहीतर ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवतात.

फ्रिज वसईतही आहे. तेव्हा हिमालयातले किंवा आल्प्सचे बी इथे उगवणारच नाही, असे म्हणता येत नाही. अडचण उगवल्यानंतरची आहे. वसईत मे महिन्यात रात्रीचे तापमानही २५ अंशांखाली क्वचित जाते आणि पुढे चार महिने हवा दमट राहते. थंड, मोकळ्या मुळांची सवय असलेले झुडूप या उकाड्यात मुळापासून कुजते. या मुद्द्यावर आता वाद उरलेला नाही. समुद्रसपाटीच्या कोकणात खरी अल्पाइन झुडपे जगवायची तर बारमाही थंड केलेले काचघर हवे, आणि मग ती दगडी बाग राहत नाही.

सह्याद्रीत वृक्षरेषा नाही. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, तेवढ्या उंचीवर थंडीमुळे झाडे वाढायची थांबत नाहीत. पण कातळावर ती दुसऱ्या कारणाने थांबतात. वर्षातले चार महिने पाण्याचा अतिरेक असतो आणि आठ महिने जवळजवळ काहीच नसते. इथल्या बियांना चकवायचा असतो तो परतीच्या पावसाचा मोह. ऑक्टोबरमध्ये पिकलेले बी त्या शेवटच्या सरीवर उगवले तर डिसेंबरपर्यंत करपून जाईल. म्हणून अनेक जातींचे बी सुप्त राहते, एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत मुरते आणि जूनमध्ये जागे होते. तिकडे जे काम ओली थंडी करते, ते इकडे कोरडा उन्हाळा करतो. हे एकदा लक्षात घेतले की युरोपी पुस्तकांतली पेरणीची वेळापत्रके बाजूला ठेवावी लागतात. दगड, निचरा आणि हलकी माती यांविषयीचे त्यांचे ज्ञान मात्र जसेच्या तसे कामाला येते.

नोंदी झाल्या, लागवड राहिली

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद लवकर सुरू झाली. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग होती. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन पुढे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी आणि निकोल डालझेल यांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. थिओडोर कुक यांचे खंड १९०१ ते १९०८ या काळात आले. सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये काम केलेले जेझुइट फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३चा. पुढे एम. आर. आल्मेडा यांनी महाराष्ट्राच्या वनस्पतींचे अनेक खंड सिद्ध केले. वसईतल्या कुणाला दारच्या डोंगरावरचे रोप ओळखायचे असेल तर आजही याच परंपरेकडे जावे लागते.

या साऱ्या कामात झाड ओळखणे, वाळवणे आणि वर्णन करणे होते, वाढवणे नव्हते. दापोडीच्या बागेचा भर औषधी आणि व्यापारी उपयोगाच्या झाडांवर होता. कातळावरच्या वीतभर झाडाला बाजार नव्हता. कातळ ही एक स्वतंत्र परिसंस्था आहे, हा विचारही उशिरा रुजला. जर्मन अभ्यासक श्टेफान पोरेम्ब्स्की यांच्यासोबत आणि नंतर स्वतंत्रपणे अपर्णा वाटवे यांनी सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जे काम केले, त्यातून चित्र स्पष्ट झाले. वाटवे यांचा उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या सड्यांचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून लागलेल्या या जमिनींवर प्रदेशनिष्ठ वनस्पतींची केवढी दाटी आहे आणि खाणी, पवनचक्क्या, पर्यटन यांनी तिला कसा धोका आहे, हे त्यात मांडले आहे. त्याआधी वर्षभर, २०१२ साली, कास पठाराचा पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि कातळावरची फुले घराघरात पोचली. ‘आपल्या बागेत हे लावता येईल का?’ हा प्रश्न त्यानंतर जास्त ऐकू येऊ लागला, असे माझे निरीक्षण आहे.

उगवण आणि त्यानंतर

बागवाल्याच्या दृष्टीने कातळावरच्या वनस्पतींचे सरसकट एक उत्तर नाही. काही जातींचा नाद सोडलेलाच बरा. आमरींचे, म्हणजे ऑर्किडचे, बी धुळीइतके बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो आणि विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते निसर्गात उगवत नाही. प्रयोगशाळेत साखरेच्या माध्यमावर ते उगवून घेता येते, कुंडीत नाही. शेजारच्या गवताच्या मुळांत मुळे खुपसून जगणाऱ्या अर्धपरजीवी जाती एकट्या लावल्या तर टिकत नाहीत. सीतेची आसवे हे सुंदर नाव मिळालेली युट्रिक्युलेरिया कीटकभक्षी आहे. तिला क्षारविरहित, वाहते, उथळ पाणी लागते. नळाचे पाणी आणि शेणखत तिला मारक ठरते.

दुसऱ्या टोकाला सोप्या जाती आहेत. तेरड्याचे बोंड पिकले की बोट लागताच फुटते आणि ते बी जूनच्या पहिल्या सरींवर कुठेही रुजते. सोनकीला कापसासारखा तुरा असतो. ताजे बी असले तर तिची उगवण अवघड नाही. खडकाळ माळावर वाढणारी काटेरी पिवळी कोरांटी हे माझ्या मते वसईच्या दगडी बागेसाठी सगळ्यांत भरवशाचे छोटे झुडूप आहे. बियांपासून येते, उन्हाळा सोसते, आणि कुणाच्या अभयारण्यातून काही आणावे लागत नाही, कारण गावोगावच्या कुंपणांत ती आहेच.

कोरांटी ज्या अकँथेसी कुळातली आहे, त्या कुळाची बियांची व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. फळ म्हणजे छोटी, कठीण, दोन शकलांची कुपी. आत प्रत्येक बीच्या बुडाशी एक वाकडा आकडा असतो. कुपी फुटताना तो आकडा तरफेसारखा उसळतो आणि बी दूर फेकले जाते. या कुळातल्या बऱ्याच जातींच्या बियांवर अंगासरशी बसलेले केस असतात. कोरडे असताना ते दिसतही नाहीत. पाण्याचा थेंब पडला की क्षणात ताठ होतात, फुगतात आणि बीभोवती बुळबुळीत वेष्टण तयार होते. तालीमखान्याचे बी पाण्यात टाकून कुणीही हे पाहू शकते. या वेष्टणाने बी ओल्या खडकाला चिकटते. उतारावर धो-धो पाऊस कोसळत असताना तेवढी पकड नसती तर सारे बी ओढ्याला गेले असते. म्हणून असे बी पेरताना आधी भिजवू नये. भिजले की त्याचा गोळा होतो आणि ते सुटे पेरता येत नाही. कोरडे बी बारीक रेतीत मिसळून वरच्यावर टाकावे, मातीने झाकू नये.

खरी पडझड उगवणीनंतर होते, आणि याबाबत ज्यांनी प्रयत्न केले आहेत त्यांचे बहुतेक एकमत आहे. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा दोन पानांवरची रोपे मातीलगत मऊ पडून कोलमडतात. ही बुरशीची मर. कातळावर तोच पाऊस पडतो, पण तिथे पाणी थांबत नाही, वारा असतो आणि कुजणारे सेंद्रिय काही फारसे नसते. कुंडीत आपण नेमके उलटे करतो. वाडीची सवय असलेला हात शेणखत घालतोच. त्याऐवजी मुरूम, बारीक खडी आणि रेती यांचे मिश्रण, त्यात जेमतेम मूठभर पानांचे खत, हा पाया ठीक ठरतो. ट्रे उथळ पाण्यात ठेवून ओल खालून चढू द्यावी आणि थेट पावसापासून वर आडोसा करावा, म्हणजे बरीचशी रोपे वाचतात.

त्यानंतरची चूक जानेवारीत होते. झाड वाळू लागते, माणसाला दया येते आणि पाणी घातले जाते. कातळावरच्या पुष्कळ जातींना ही विश्रांती हवी असते. कंद असलेल्या कंदीलपुष्पांना उन्हाळ्यात पाणी दिले की कंद सडतो. कोरड्या कुंडीकडे चार-पाच महिने काहीही न करता पाहत राहणे हा या लागवडीतला अवघड भाग आहे.

कारवी : सात की आठ

तुंगारेश्वरच्या उतारांवरचे मुख्य झुडूप कारवी. दगडी बागेसाठी ती मोठी आहे, माणसाच्या डोक्यावर जाते. सड्यांवर वाढणारी तिची नातलग टोपली कारवी मात्र गुडघ्याएवढी असते, गोल टोपलीसारखी दिसते, आणि सह्याद्रीतल्या दगडी बागेसाठी सुचवल्या जाणाऱ्या झुडपांत तिचे नाव पहिले येते. दोघींचा स्वभाव एकच: वर्षानुवर्षे नुसती पाने, मग एका पावसाळ्यात सगळीकडे एकदम फुले, बी, आणि मृत्यू.

कारवी ‘सात वर्षांनी’ फुलते असे सांगतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले मोठे बहर मात्र २००८ आणि २०१६ सालचे, म्हणजे अंतर आठ वर्षांचे. यावरून बरीच चर्चा होते, पण दोन्ही आकडे बरोबर ठरू शकतात. बहर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. फळे झाडावर वाळतात आणि पुढच्या जूनमध्ये पावसाची ओल लागताच टपटप आवाज करीत फुटतात. २००८च्या बहराचे बी २००९च्या पावसाळ्यात पडले. त्या बियांतून आलेले झुडूप २०१६ साली फुलले, तेव्हा त्याचे वय सात होते. बहरापासून बहरापर्यंत मोजले तर आठ, बियांपासून फुलांपर्यंत मोजले तर सात. बागवाल्याला दुसरा आकडा महत्त्वाचा.

असे का होते, याची काही स्पष्टीकरणे आहेत. एकाच वर्षी इतके बी पडते की खाणारे किडे, पाखरे, उंदीर ते संपवू शकत नाहीत, हे सर्वांत जास्त मानले जाणारे. एकगठ्ठा फुलल्यामुळे मधमाश्या मोठ्या संख्येने ओढल्या जातात आणि परागीकरण पक्के होते, हे दुसरे. कारवीच्या वर्षी आग्या मोहोळे जड होतात, हे डोंगरातल्या माणसाला पुस्तकाशिवाय माहीत असते. बारा वर्षांनी फुलणारी दक्षिणेतली नीलकुरिंजी, २००६ आणि २०१८ला फुललेली, याच गटातली.

बागेतल्या कारवीबाबत मात्र एक मोठा पेच आहे. सह्याद्रीत सगळीकडची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. प्रत्येक टापूचे वर्ष वेगळे असू शकते. मग एका टापूतले बी दुसरीकडे पेरले तर ते झुडूप कुणाच्या घड्याळाने चालणार? आपल्या जन्मवर्षापासून मोजून फुलले, तर आजूबाजूची कारवी तेव्हा हिरवीच असेल. एकटे फुललेले झुडूप, परागाला सोबत नाही, आणि जे थोडे बी धरेल ते किड्यांना सहज पुरेल. अधूनमधून चुकल्या वर्षी फुलणारी झुडपे जंगलातही दिसतात, त्यामुळे हे घड्याळ अगदी काटेकोर नाही, एवढे नक्की. पण लागवडीतल्या कारवीच्या दोन-तीन पिढ्या सलग नोंदवल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही, आणि तीन पिढ्या म्हणजे वीस वर्षांहून अधिक.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. या गटातल्या झुडपांबाबत ‘बी उगवले’ हे यशाचे माप धरू नये. पेरलेल्या झुडपाने फुलून बी टाकले आणि ते बी त्याच जागी आपणहून उगवले, तेव्हाच लागवड साधली म्हणावे. बहुतेक बागांची वर्णने पहिल्या वर्षीच्या हिरव्या ट्रेपाशी थांबतात.

तीन भूमिका

पहिली भूमिका सड्यांच्या परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्यांची. त्यांचे म्हणणे असे की झाडाला त्याच्या खडकापासून, तिथल्या पाण्याच्या झिरपण्यापासून, गवतापासून आणि किड्यांपासून वेगळे काढले की उरते ते झाडाचे चित्र. बागेत दहा कुंड्या असल्या म्हणजे जात वाचली, असा समज पसरला तर सडा खोदायला निघालेल्याच्या हातात आयते कारण मिळते. शिवाय मागणी वाढली की रोपे उपटून विकणारे तयार होतात. जपायचे तर जागीच जपा. या मंडळींमध्येही एकवाक्यता नाही. कासला जाळीचे कुंपण घातले तेव्हा पर्यटकांची तुडवण थांबली म्हणून काहींना ते योग्य वाटले. गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि त्याने छोटी फुले दडपली, असा आक्षेप इतरांनी घेतला. जागीच जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, हाच तिथे प्रश्न झाला.

दुसरी भूमिका वनस्पती उद्याने आणि संशोधन संस्थांची. शिरवळजवळचे नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र १९९२ पासून पश्चिम घाटातल्या दुर्मिळ जातींवर काम करीत आले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांचा मोठा जिवंत संग्रह उभा केला. त्यांचा युक्तिवाद असा: एखादी जात दोन-चार कड्यांवर उरली असेल तर एक दरड, एक वणवा तिला पुसून टाकू शकतो. तेव्हा बी आणि रोप दुसरीकडे असणे ही खबरदारी आहे.

या भूमिकेचे बळ आणि मर्यादा दोन्ही शिंदळ माकुडीच्या उदाहरणात दिसतात. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून डालझेल यांनी १८६४ साली फ्रेरिया इंडिका असे नाव दिलेली ही मांसल, जमिनीलगतची वनस्पती. गडद लाल, चांदणीच्या आकाराचे फूल, त्यावर पिवळे ठिपके. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर ती सापडते. एके काळी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींमध्ये तिची गणना झाली होती. आणि हीच वनस्पती कांडी खोचली तरी जगते. युरोपातल्या मांसल वनस्पतींच्या संग्राहकांकडे ती कुंड्यांतून आहे. मग ती वाचली का? कांडीपासून केलेली सारी रोपे एकाच झाडाची नक्कल असतात. हजार कुंड्या असल्या तरी आनुवंशिक विविधता एका झाडाएवढीच. विविधता हवी तर बी हवे. त्यासाठी वेगवेगळ्या कड्यांवरची झाडे, परागीकरण करणारे कीटक आणि ती जोडशेंग फुटून रेशमी तुऱ्याचे बी उडण्याआधी वेळेवर पोचणारा माणूस, हे सारे जुळून यावे लागते. बागेत जवळच्या नातलग जाती शेजारी असल्या तर संकराचा धोकाही राहतो. तरीही ज्या कड्यांवरून ती गेली तिथे पुन्हा लावण्यासाठी रोपे हाताशी आहेत ती केवळ या संग्रहांमुळे, ही गोष्ट पहिल्या भूमिकेच्या लोकांनाही नाकारता येत नाही.

तिसरी भूमिका डोंगरात राहणाऱ्यांची, आणि चर्चेत ती सहसा शेवटी येते. पालघरच्या वारली पाड्यांवर कारवी म्हणजे कुडाची भिंत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमातीचा लेप द्यायचा. वारली चित्रे ज्या भिंतींवर काढली जात ती हीच भिंत. बहरानंतर मेलेल्या कारवीने सरपणाचीही सोय होते. त्यांना कारवी दुर्मिळ फूल म्हणून जपायची नाही, हाताशी हवी म्हणून जपायची आहे. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. जुन्या वनखात्याच्या नोंदींत कारवीची दाट जाळी वृक्षांच्या रोपांना वर येऊ देत नाही अशी तक्रार आढळते. कारवी मेल्यावर जे ऊन जमिनीपर्यंत पोचते, त्यात वृक्षांची रोपे उसळी घेतात, हेही त्याच मंडळींनी पाहिले होते. तोडणी, मरण आणि नवी उगवण या चक्रात माणूस आधीपासून आहे. बी कुठले, केव्हा, कोणत्या घळीतले, याची माहिती वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा पाड्यावरच्या बाईला अधिक असते.

वसईपुरते बोलायचे तर

तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय रोपच काय, बीही उचलता येत नाही. वसईतल्या हौशी माणसाला हे ठाऊक असायला हवे, कारण सर्वांत जवळचा कातळ तोच आहे. बी मिळवण्याच्या वाटा मग दोन उरतात: खाजगी माळ, बांध आणि कुंपणांवरच्या सर्वसामान्य जाती, किंवा एखाद्या संस्थेच्या संग्रहातून रीतसर मिळालेले बी. कोरांटी, तेरडा, सोनकी यांच्यापासून सुरुवात केली तर पहिली वाट पुरेशी आहे.

नव्या गृहसंकुलांच्या दारात आज ज्या दगडी बागा दिसतात, त्यांत बहुधा अमेरिकी घायपात, निवडुंग आणि पांढरी खडी असते. दगड डोंगरातलाच, झाड मात्र दुसऱ्या खंडातले. त्या जागी इथल्या चार जाती बियांपासून लावणे फारसे खर्चाचे नाही. एक तोटा आधीच सांगायला हवा: आठ महिने ती बाग वाळलेली दिसेल. सोसायटीच्या सभासदांना ते मान्य आहे का, हा बागकामाइतकाच महत्त्वाचा प्रश्न.

मला अधिक आशा वाटते ती बंद पडलेल्या दगडखाणींबद्दल. वसईच्या पूर्वेला खाणींनी डोंगराच्या कुशी कापल्या आहेत. खाणीचा उघडा पायरीसारखा खडक, त्यावर माती नाही, पावसाळ्यात पाणी झिरपते: कातळावरच्या जातींना लागते ती जागा माणसाने नकळत तयार करून ठेवली आहे. अशा ठिकाणी सहसा गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून हिरवे केल्याची नोंद होते. तिथे आजूबाजूच्या खडकावरचे बी टाकून काय उगवते हे पाहणे, हा प्रयोग कुठल्याही कुंडीपेक्षा मोलाचा ठरेल. त्याने जंगलातला कातळ कमी होत नाही आणि अभ्यासकांचा मुख्य आक्षेपही आड येत नाही.

अजून न सुटलेले

आगीचा प्रश्न उघडाच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपी प्रदेशात धुरामुळे बी जागे होते, हे १९९० साली दाखवले गेले आणि धुरातले कारणीभूत रसायन २००४ साली वेगळे काढले गेले. आपल्याकडे माळ दरवर्षी पेटवले जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली तळेगाव दाभाडे परिसरातून डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही नवी जात नोंदवली. ती एकदा पावसाळ्यानंतर फुलते आणि माळ जळून गेल्यावर दुसऱ्यांदा फुलते. तीही कारवी-कोरांटीच्याच कुळातली. आगीनंतर फुलणे आणि धुराने बी उगवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण पालघर-ठाण्याच्या शेतकऱ्याने भाताच्या रोपासाठी राब भाजलेला असतो, आणि त्या राखेत कोणते रानबी आधी उगवते हे तो पाहतो. हे निरीक्षण आणि प्रयोगशाळा यांची गाठ घालून द्यायला हवी.

साठवणीचेही तसेच. वाळवून उणे २० अंशांवर ठेवलेले बी दशकानुदशके टिकते, ही जगभरच्या बीजपेढ्यांची पद्धत बहुतेक कोरड्या बियांना लागू पडते. पण ज्या बियांना एक कोरडा उन्हाळा सोसायचा असतो, त्यांना तो गोठवण्याआधी द्यायचा की नंतर, हे प्रत्येक जातीसाठी वेगळे तपासावे लागेल. कारवीच्या बाबतीत ही घाई आहे, कारण तिचे बी सात-आठ वर्षांतून एकदाच मिळते. त्या एका जूनमध्ये गोळा केले नाही तर पुढच्या बहरापर्यंत थांबायचे.

आणि नोंदी. ज्याने कोणी कारवी किंवा टोपली कारवी बियांपासून लावली असेल त्याने बी कुठल्या टापूतले, कोणत्या पावसाळ्यात पेरले आणि झुडूप कोणत्या वर्षी फुलले, एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवल्या तरी घड्याळाच्या प्रश्नावर खूप उजेड पडेल. युरोपातल्या संस्थांनी सभासदांच्या अशाच साध्या टिपणांतून आपले ज्ञान उभे केले. वसईच्या वाडीवाल्यांमध्ये रोज फुलांचा हिशोब लिहिण्याची सवय आहेच. त्याच वहीत कातळावरच्या एका झुडपासाठी एक पान राखायला हरकत नसावी.